‘मावळ’ किती जुने? एमिल सेनार आणि कार्ल्याचे लेख

बारा मावळ म्हटले की शिवकाल आठवतो. हे नाव मात्र त्याहून सुमारे १५०० वर्षांनी जुने असून लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात कोरलेले आहे.

ते लेख साक्षेपाने संपादणारे एमिल सेनार (१८४७–१९२८) हे फ्रेंच पंडित. घरच्या सुबत्तेमुळे त्यांनी प्राध्यापकी कधी पत्करली नाही. आयुष्य वेचले ते अशोकाच्या लेखांवर आणि ‘महावस्तु’ या बौद्ध ग्रंथावर. कार्ल्याचे लेख भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी आधी वाचले होते. सेनार यांनी ते पुन्हा तपासून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात (१९०२–०३) प्रसिद्ध केले.

त्यांतील दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत.

पहिल्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात हा वलूरक, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांतील भिक्षूंना करजिक गाव देतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. मग शत्रूने दिलेल्या गावाचे काय?

उत्तर दुसऱ्या लेखात आहे. ती ‘मामाड’ येथील अमात्याला केलेली राजाज्ञा आहे: करजक गाव भिक्षूंना दिले आहे, त्यात कोणी राजपुरुषाने शिरू नये. आरंभीचा भाग तुटल्याने राजाचे नाव गेले आहे. तो गौतमीपुत्रच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हे मामाड म्हणजेच आपले मावळ. एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्यांना हे दोन्ही लेख शेजारच्या चैत्यगृहाच्या ओसरीत आजही पाहता येतात.