उघड्या सिग्नलचा काळ

या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत एक छोटा डबा हमखास मिळे. आकार वहीएवढा, मागे चार-पाच सॉकेट आणि सोबत एक रिमोट. त्याला सगळे नुसते ‘टीव्ही ट्यूनर’ म्हणत. केबलवाल्याची वायर एका सॉकेटमध्ये, मॉनिटरची निळी पिन दुसऱ्यात, स्पीकरची वायर तिसऱ्यात. एवढे जोडले की टेबलावरच्या जाडजूड सीआरटी मॉनिटरवर टीव्ही दिसू लागे. त्यासाठी संगणक सुरू असण्याचीही गरज नसे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना संगणक घेतल्यावर वेगळ्या टीव्हीचा खर्च परवडत नसे, जागाही नसे. त्यांच्यासाठी हा डबा म्हणजे मोठीच सोय होती.

दिसायला साधा असला तरी डब्याचे काम सोपे नव्हते. भारतातले प्रक्षेपण पाल पद्धतीचे, म्हणजे 625 ओळींचे आणि सेकंदाला 25 चित्रांचे. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी विषम ओळी आणि मग सम. टीव्ही सेकंदाला 15,625 ओळी रेखाटतो. संगणकाच्या मॉनिटरला मात्र कमीत कमी साडेएकतीस हजार लागतात. डब्यातली चिप आलेल्या ओळी क्षणभर साठवून ठेवी, दोन्ही हप्त्यांची सांगड घाली आणि दुप्पट वेगाने मॉनिटरकडे पाठवी. क्रिकेटचा चेंडू जोरात गेला की त्याच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसत, त्या या सांगडीमुळेच.

या स्वस्त डब्यात एकच उणीव होती, पण ती मोठी होती. तो दाखवत असे, ठेवत नसे. कार्यक्रम साठवून ठेवायचा तर चित्र संगणकाच्या आत न्यावे लागे. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचा बाह्य ट्यूनर होता, यूएसबीला जोडायचा. या क्षेत्रातले सगळ्यांत परिचित नाव हॉपॉग. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर याच नावाचे गाव आहे, तिथे 1982 साली ही कंपनी सुरू झाली. तिची ‘विनटीव्ही’ कार्डे आधी संगणकाच्या पोटात बसवावी लागत. बाहेरून जोडायचा ट्यूनर करायचा म्हटल्यावर अडचण आली ती आकड्यांची. पाल पद्धतीचे पूर्ण चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे 166 मेगाबिट लागतात आणि तेव्हाच्या यूएसबी 1.1 ची कमाल क्षमता होती 12 मेगाबिट. मग कंपन्यांनी आकुंचनाची चिप डब्यातच बसवली. चित्र एमपेग-2 स्वरूपात आवळून सहा-आठ मेगाबिटवर आणले आणि तेवढेच वायरीतून पाठवले. सहा मेगाबिटने केलेले एका तासाचे रेकॉर्डिंग 2.7 जीबी जागा खाई. 40 जीबीच्या हार्ड डिस्कवर जेमतेम पंधरा तास मावत. तरीही लोक हौसेने रेकॉर्ड करत, जागा संपली की सीडी-डीव्हीडीवर उतरवत आणि वर स्केचपेनने नाव लिहीत.

घरी रेकॉर्ड करणे कायद्यात बसते का, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत आधीच लागला होता. सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरविरुद्ध युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी 1976 साली खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 17 जानेवारी 1984 रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी सोनी जिंकली. एखादा कार्यक्रम नंतर सवडीने पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा कॉपीराइटचा भंग नाही, असे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी निकालपत्रात लिहिले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर या सगळ्या धंद्याचा पायाच उभा राहिला नसता. भारतातही 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 39 स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग करायला मुभा देते. ही तरतूद फार थोड्या प्रेक्षकांना माहीत असते.

2002 साल या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती आणली. ती सुरुवातीला फक्त नव्या संगणकासोबतच मिळे. त्याच वर्षी आयझॅक रिचर्ड्स या अमेरिकी प्रोग्रॅमरने ‘मिथटीव्ही’ लिहायला घेतले, लिनक्सवर चालणारे आणि पूर्ण मोफत. दोन्हींचे उद्दिष्ट एकच होते. संगणक अभ्यासाच्या टेबलावरून उठून दिवाणखान्यात यावा, सोफ्यावर बसून रिमोटने चालावा आणि घरातल्या माणसांनी सांगितलेली मालिका रोज आपणहून रेकॉर्ड करावी. टीवो नावाचे तयार यंत्र अमेरिकेत 1999 पासून हेच करत होते, पण त्यासाठी मासिक वर्गणी पडे. मिथटीव्हीची माणसे आपले यंत्र आपण जुळवत. जुना संगणक, एक-दोन ट्यूनर, मोठी डिस्क आणि कित्येक रात्रींचे जागरण. हॉपॉगच्या एका यूएसबी ट्यूनरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर हौशी माणसांनी स्वतः लिहिला आणि 2006 मध्ये तो लिनक्सच्या मुख्य गाभ्यात सामील झाला. या चळवळीचे खरे मोठेपण अशा कष्टांत आहे.

पुढे सिग्नलला कुलूप लागले.

केबल कंपन्यांनी वाहिन्या सांकेतिक करून सेट टॉप बॉक्स दिले, तेव्हा ट्यूनरला फक्त त्या बॉक्समधून बाहेर पडणारे एकच चित्र मिळू लागले. मग वाहिनी बदलायची कशी? त्यावर निघालेला तोडगा आज आठवला तरी कौतुक वाटते. संगणकातून निघालेल्या पातळ वायरीच्या टोकाशी एक इन्फ्रारेड दिवा असे. तो बॉक्सच्या काचेवर चिकटवायचा. रेकॉर्डिंगची वेळ झाली की संगणक त्या दिव्यातून रिमोटचे इशारे पाठवी आणि बॉक्स वाहिनी बदले. दिवा सुटून पडला की रात्रभर भलतीच वाहिनी रेकॉर्ड होई.

अमेरिकेच्या संचार आयोगाने 2003 मध्ये आणखी कडक नियम केला. प्रक्षेपणात एक खूण असेल आणि ती ओळखून कॉपीला अटकाव करणारीच उपकरणे जुलै 2005 पासून विकता येतील, असा तो नियम. ग्रंथालयांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मे 2005 मध्ये, अंमलबजावणीला दोन महिने उरले असताना, तो नियम रद्द झाला. टीव्ही ट्यूनर वाचवायला ग्रंथपाल उभे राहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॉपी जपणे हे त्यांचे कामच होते.

12 जून 2009 रोजी अमेरिकेतले मोठ्या केंद्रांचे अॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले. हवेतून येणारा डिजिटल सिग्नल मात्र उघडाच राहिला आणि ट्यूनरचे काम उलट हलके झाले. चित्र आधीच आवळलेले येत असल्याने डब्याने ते फक्त पकडून पुढे द्यायचे. सिलिकॉनडस्ट कंपनीचा ‘एचडीहोमरन’ तर संगणकाला जोडायचाही नव्हता. तो घरातल्या नेटवर्कला जोडायचा, की घरातला कोणताही संगणक त्यावरून टीव्ही पाहू शकत असे. केबलच्या कुलूपबंद वाहिन्यांसाठी केबल कंपनीकडून मिळणारे एक कार्ड ट्यूनरमध्ये घालावे लागे. ‘एकदाच कॉपी’ अशी खूण असलेली रेकॉर्डिंग केवळ मीडिया सेंटरमध्येच उघडत. 2015 मध्ये विंडोज 10 आले आणि मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटरच काढून टाकले. ट्यूनर ठणठणीत होते, डिस्क भरलेल्या होत्या, पण नव्या विंडोजवर ते कार्यक्रम पाहायचा मार्ग उरला नाही. प्रेक्षकांवर हा अन्याय होता.

आपल्याकडे लॅमिंग्टन रोडच्या डब्याची अखेर कायद्याने झाली. दक्षिण मुंबईत 2006 च्या अखेरीस सशुल्क वाहिन्यांसाठी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला होता. पुढे 2011 मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 नंतर अॅनालॉग केबल बंद करायचे ठरले. पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासाठी 31 मार्च 2013 ही मुदत होती. डिजिटल झाल्याने चित्र सुधारले, वाहिन्या वाढल्या, सरकारला ग्राहकांचा नेमका आकडा मिळाला. पण साध्या ट्यूनरला केबलच्या वायरीतून मिळण्यासारखे काही राहिले नाही.

त्याच सुमारास एका स्वस्त डिजिटल ट्यूनरला अनपेक्षित आयुष्य मिळाले. फिनलंडचे लिनक्स प्रोग्रॅमर आंटी पालोसारी आणि इतर काहींच्या लक्षात आले, की रिअलटेकची आरटीएल 2832यू ही चिप टीव्हीचा अर्थ न लावता कच्चा रेडिओ सिग्नलही संगणकाकडे पाठवू शकते. 2012 पासून जगभरचे हौशी लोक बोटाएवढ्या टीव्ही ट्यूनरवर विमानांचे 1090 मेगाहर्ट्झचे संदेश आणि हवामान उपग्रहांची छायाचित्रे उतरवू लागले.

घरच्या रेकॉर्डिंगचे मोल काय असते, हे फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी दाखवून दिले. तीन दशकांहून अधिक काळ, 2012 मध्ये निधन होईपर्यंत, त्या टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड करत राहिल्या. सुमारे 70,000 कॅसेट मागे राहिल्या आणि त्या इंटरनेट आर्काइव्हने जतनासाठी स्वीकारल्या. आपल्याकडे इतका मोठा साठा कोणा एका घरात नसेलही. पण ट्यूनरच्या दशकातली स्थानिक केबलवरची बातमीपत्रे, गणपती मंडळांचे प्रक्षेपण, बंद पडलेल्या मालिकांचे भाग, निवडणूक निकालांच्या रात्री हे सारे अनेकांनी हौसेने उतरवून ठेवले होते. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवरचा थर काळाने खराब होतो आणि जुन्या हार्ड डिस्क पडून राहिल्या तरी निकामी होतात. माळ्यावर तसा संगणक किंवा डीव्हीडीची चवड असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी तिच्यावर काय आहे ते एकदा पाहून घ्यावे आणि त्याची दुसरी प्रत काढून ठेवावी.