वीजवाहिनीचा मार्गाधिकार (रत्नागिरी जिल्हा)

उच्चदाब वाहिनीचे मनोरे उभारण्यास व तारा ओढण्यास खाजगी जमीन वापरण्याचा हक्क. यात भूसंपादन होत नाही; सातबारा मालकाच्याच नावे राहतो. वीज कायदा, 2003 च्या कलम 164 अन्वये परवानाधारकास भारतीय तार कायदा, 1885 मधील अधिकार देता येतात. मालकाची पूर्वसंमती लागत नाही, भरपाई मात्र द्यावी लागते. अडथळा आल्यास जिल्हा दंडाधिकारी आदेश देतात. रकमेचा वाद जिल्हा न्यायाधीशांकडे जातो.

जयगडच्या औष्णिक केंद्राची वीज 400 किलोव्होल्ट वाहिन्यांनी नवीन कोयना व कराडकडे जाते. ‘जयगड पॉवरट्रान्सको’ ही जेएसडब्ल्यू एनर्जी व महापारेषण यांची संयुक्त कंपनी त्यासाठी स्थापन झाली. तारांखाली भात पिकतो, हापूसची उंच कलमे ठेवता येत नाहीत. कोकणात खरे नुकसान तेच. तोडलेल्या कलमाचे मोल एका हंगामाच्या पेट्यांवरून ठरत नाही. त्यात सामाईक सातबारा आणि निम्मे हिस्सेदार मुंबईला, म्हणून मोबदल्याचे वाटपही रेंगाळते.

केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जागेस जमीनमूल्याच्या 85 टक्के, तर तारांखालील पट्ट्यास कमाल 15 टक्के भरपाई होती. जून 2024 मध्ये हे दर अनुक्रमे 200 व 30 टक्के झाले.