बाळाच्या पहिल्या घासाचा इतिहास



इतिहास म्हटला कीं आपणांस राजे, लढाया व तह आठवतात. परंतु पाट्यावर, चाळणींत आणि बाळाच्या वाटींतही इतिहास असतो, व त्या वाटींतील चुकांनीं किती बालकें दगावलीं याची गणती कोणत्याही बखरींत नाहीं. फळांच्या व भाज्यांच्या गराचा, म्हणजे दांत नसलेल्या बाळाच्या पहिल्या घासाचा तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

आपल्याकडील उष्टावणाचा संस्कार पुरातन आहे. सहाव्या महिन्यांत बाळास हलकें व हितकर अन्न द्यावें, असें सुश्रुतानें सांगितलें. काश्यपसंहितेंतील क्रम याहून थोडा निराळा व मोठा मार्मिक आहे. बालरोगांवरील हा प्राचीन ग्रंथ नेपाळांतील हस्तलिखितावरून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सहाव्या महिन्यांत प्रथम फळें द्यावीं, आणि धान्याचें अन्न दांत आल्यावर अथवा दहाव्या महिन्यांत द्यावें, असें म्हटलें आहे. तेव्हां बाळास फळाचा गर भरविणें ही परदेशी टूम आहे, हा समज निराधार होय.

पश्चिमेकडे मात्र ही गोष्ट मोठी किंमत देऊन शिकावी लागली. १८६५ सालीं जर्मनींत लीबिग या रसायनशास्त्रज्ञानें आईच्या दुधाऐवजीं द्यावयाचें अन्न सुचविलें. १८६७ सालीं स्वित्झर्लंडांत नेस्ले यांची दूध-पिठाची भुकटी निघाली. अशीं डबाबंद अन्नें सुखवस्तु घरांतून मानाचीं झालीं. आणि १८८३ सालीं लंडनच्या डॉक्टर बार्लो यांनीं दाखवून दिलें कीं, ज्या बालकांच्या हिरड्यांतून रक्त येतें व हातपाय हलवितांच जीं किंचाळतात, त्यांना खलाशांचा स्कर्व्ही रोग झालेला आहे. तो गरिबांच्याच नव्हे, तर डब्यांवर वाढणाऱ्या श्रीमंतांच्या घरांतही शिरला होता. उपाय काय? ताजें दूध आणि संत्र्याचा रस! त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख १९३२ सालीं पटली. पण गुण त्यापूर्वींच आला होता.

पुढें फळें-भाज्यांचा गरही डब्यांत शिरला. अमेरिकेंतील फ्रीमाँट गांवीं डोरोथी गर्बर ही माता आपल्या मुलीसाठीं स्वयंपाकघरांत भाज्या हातानें गाळीत असे. त्यांतूनच १९२८ सालीं तो प्रसिद्ध धंदा उभा राहिला. म्हणजे कारखान्याचें मूळही घरच्या चाळणींतच आहे. आपल्याकडील पुरणयंत्र तेंच काम करतें. लाल भोपळा किंवा गाजर थोड्या पाण्यांत वाफवावें, यंत्रांतून काढावें, आणि घट्ट वाटल्यास तेंच पाणी बेतानें मिसळावें. पिकलेली पपई व केळें तर नुसतें कुस्करलें तरी पुरे. हात व भांडीं स्वच्छ असावींत. वर्षाच्या आंत मध मुळींच देऊं नये, मीठ-साखरही टाळावी.

परंतु खरी मेख पातळपणांत आहे. बाळाचें पोट वाटीभर. त्यांत वरणाचें पाणी ओतलें कीं पोट भरतें, पण अंग भरत नाहीं. चमचा तिरपा केला असतां चटकन् ओघळणार नाहीं, इतका घास दाट असावा. शिवाय केवळ फळांवरही भागत नाहीं. सहा महिन्यांनंतर बाळास लोह अधिक लागतें. म्हणून गराच्या जोडीला मऊ खिचडी, दाट वरण, चालत असल्यास अंडें, वर चमचाभर तूप, आणि आईचें दूध चालूच. जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं पहिले सहा महिने केवळ आईचें दूध व नंतर पूरक आहार, असा दंडक घातला. सुश्रुताचा सहावा महिना येथें सहज आठवतो. आपल्या देशांत १९९२ चा कायदा व त्यांतील २००३ ची दुरुस्ती यांनीं दोन वर्षांखालील बालकांच्या तयार अन्नाच्या जाहिरातीस बंदी केली आहे, ती उगाच नव्हे.

आमची ब्राह्मणपुरी शहादें तालुक्यांत आहे. येथील शिवारांत केळी व पपई पिकतात. शहाद्याची पपई दूर उत्तरेकडे जाते. आणि त्याच नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्यांतील धडगांव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बालकांच्या कुपोषणाची वार्ता वर्षानुवर्षें येत राहते. दारिद्र्य, मजुरीसाठीं होणारें स्थलांतर व पिण्याच्या पाण्याची टंचाई हीं त्याचीं कारणें. तीं एका पुरणयंत्रानें दूर होणारीं नाहींत. तथापि ज्या प्रदेशांत फळांची एवढी समृद्धि आहे, तेथील तान्ह्या बाळाच्या वाटींत पातळ पेजच असावी, हें आपणां सर्वांस लाजिरवाणें आहे.

शहरांतील माझ्या भगिनींना मात्र ही अडचण नाहीं. घरांत फळ आहे, चूल आहे, स्वच्छ पाणी आहे. तेव्हां डब्यावरील गुबगुबीत बाळाच्या चित्रास भुलूं नका. आणि घरीं कामास येणाऱ्या बाईच्या कडेवर सहा-सात महिन्यांचें मूल असेल, तर दाट घासाची ही साधी गोष्ट तिलाही अवश्य सांगा, व जमल्यास एक केळें तिच्या हातीं द्या.