ड्रॅक्युलावरची 17 वर्षांची बंदी आणि 20 सेंटचा पहिला अंक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जमतील तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करतो. दोनेक वर्षांपूर्वी एका ॲपसाठी मी शब्दांचा फिल्टर लिहिला होता. यूजरच्या नावात शिवी किंवा मारहाणीचा शब्द आला की नाव अडवायचं, एवढं सोपं काम. टेस्ट सगळ्या पास. दोन दिवसांत तक्रारी सुरू झाल्या, कारण वाघमारे आडनावाच्या लोकांना अकाउंटच उघडता येईना. ‘मारे’ हा तुकडा माझ्या यादीत होता ना!

माझी चूक एका दुपारी दुरुस्त झाली. आज ज्या यादीबद्दल बोलायचंय, ती दुरुस्त व्हायला 17 वर्षं लागली. ती सैल झाली म्हणूनच अमेरिकेत ‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ या कॉमिक्सचा पहिला अंक निघू शकला. अंकावर तारीख एप्रिल 1972ची, स्टॉलवर आला नोव्हेंबर 1971मध्ये, किंमत 20 सेंट. (टूम म्हणजे थडगं.)

आधी व्हॅम्पायरबद्दल थोडंसं

व्हॅम्पायर म्हणजे मेलेला पण न मेलेला, रात्री उठून माणसांचं रक्त पिणारा. आपल्याकडे हुबेहूब असं काही नाही. पण 1870मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रजाने वेताळ पंचविशी इंग्रजीत आणली, तेव्हा त्याने आपल्या वेताळाला सरळ ‘व्हॅम्पायर’ म्हणून टाकलं. बिचारा वेताळ! तो रक्त कुठे पितो? तो खांद्यावर बसून प्रश्न विचारतो.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी आली 1897मध्ये. मग नाटकं आली, सिनेमे आले. कॉमिक्समध्येही रक्तपिपासू मंडळी भरपूर होती. 1954पर्यंत.

1954 मध्ये काय झालं?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गुन्हेगारी आणि भयकथांची कॉमिक्स तुफान खपत होती. त्यात सगळ्यात गाजलेली कंपनी होती ईसी कॉमिक्स, मालक विल्यम गेन्स. त्याच काळात लहान मुलांच्या गुन्हेगारीची मोठी चर्चा सुरू होती. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1954मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की मुलं बिघडायला कॉमिक्स जबाबदार आहेत.

वर्थम हा काही खलनायक नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, जिथे कृष्णवर्णीय लोकांना परवडणारे मानसोपचार जवळपास मिळतच नव्हते, तिथे तो दवाखाना चालवायचा. माणूस कळकळीचा होता. पण त्याची कागदपत्रं संशोधकांसाठी खुली झाल्यावर 2012मध्ये कॅरल टिली या अभ्यासिकेने दाखवून दिलं, की त्याने मुलांची बोलणी आपल्या सोयीने बदलली होती, अनेक मुलांचं एक मूल केलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर निष्कर्ष आधी ठरला आणि डेटा नंतर साफ केला.

एप्रिल 1954मध्ये सिनेटच्या समितीसमोर सुनावणी झाली. गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. सिनेटर केफॉव्हर यांनी त्याच्याच एका अंकाचं मुखपृष्ठ समोर धरलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे तुम्हाला अभिरुचीला धरून वाटतं का? गेन्स म्हणाला, हो, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी वाटतं. मुंडकं आणखी वर धरून गळणारं रक्त दाखवलं असतं तर वाईट म्हटलं असतं. झालं! दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत गाजलं आणि गेन्सची बाजू तिथेच संपली.

सरकारी नाही, घरचीच बंदी

आता नीट लक्ष द्या. सरकारने कॉमिक्सवर बंदी घातलीच नाही. सरकार कायदा करेल या भीतीने प्रकाशकांनी स्वतःच संघटना काढली आणि स्वतःसाठी नियमावली लिहिली: कॉमिक्स कोड. अंक छापण्याआधी तपासायला पाठवायचा, पास झाला की मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात शिक्का. शिक्का नसेल तर बहुतेक घाऊक वितरक गठ्ठा उचलायलाच तयार नसत. म्हणजे कागदावर ऐच्छिक आणि बाजारात सक्तीचं. आजच्या ॲप स्टोअरसारखंच की. नियम पाळायची सक्ती कुणी करत नाही, फक्त तुमचं ॲप लोकांपर्यंत पोहोचत नाही.

नियम काय होते? नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ नको. चालती प्रेतं, व्हॅम्पायर, नरभक्षक, माणसाचा लांडगा होणं, हे सगळं बंद. गेन्सची भयकथांची कॉमिक्स त्याच वर्षी बंद पडली.

भुतं गेली तर गेली, मुलांचं काय अडलं, असं कुणी म्हणेल. म्हणून 1956मधला एक किस्सा सांगतो. ईसीने आपली एक जुनी विज्ञानकथा पुन्हा छापायला काढली. एका ग्रहावर नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना वेगळं, खालच्या दर्जाने वागवतात. पृथ्वीवरून आलेला अंतराळवीर हे सगळं पाहतो आणि सांगतो, तुम्ही अजून आमच्यात यायला लायक नाही. शेवटच्या चित्रात तो हेल्मेट काढतो आणि दिसतं की तो कृष्णवर्णीय आहे. कोडच्या प्रमुखाने सांगितलं, हा माणूस काळा असून चालणार नाही. कोणत्या नियमात? नियमच नव्हता. गेन्सने ऐकलं नाही, कथा आहे तशी छापली आणि कॉमिक्सचा धंदा सोडला. हाताशी उरलं ते ‘मॅड’ हे मासिक. तपासायचा अधिकार एकदा हातात आला की तो यादीपुरता राहत नाही, तो असा.

पळवाटा आणि एक वाघमारे प्रकरण

पळवाटा अर्थातच निघाल्या. कोड लागू होता कॉमिक्सला, मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकांना नाही. वॉरन या प्रकाशकाने नेमकं तेच केलं आणि 1969मध्ये ‘व्हॅम्पिरेला’ काढलं. व्हॅम्पायर स्टॉलवर होताच, फक्त वेगळ्या आकाराच्या कागदावर.

आणि आता माझा लाडका किस्सा. डीसीच्या एका अंकात कथा सांगणारं पात्र म्हणतं, की ही गोष्ट मला एका भटक्या वुल्फमनने सांगितली. कोडवाल्यांनी लाल शेरा मारला, कारण वुल्फमन म्हणजे लांडगामाणूस आणि तो तर बंद! डीसीने कळवलं, अहो, हे लेखकाचं आडनाव आहे. मार्व्ह वुल्फमन, खरा माणूस. मग कोडवाले म्हणाले, तसं असेल तर त्याचं नाव लेखक म्हणून छापा. तोवर तिथे अशा कथांवर लेखकाचं नाव छापायची पद्धतच नव्हती. वुल्फमनचं छापल्यावर इतरांनीही मागितलं. फिल्टरच्या चुकीतून लेखकांना श्रेय मिळालं! या वुल्फमनचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1971: दार किलकिलं झालं

1971च्या सुरुवातीला कोड बदलला. व्हॅम्पायर आणि लांडगामाणूस चालतील, पण ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाईन, एडगर ॲलन पो अशा अभिजात साहित्याच्या परंपरेत बसवून. त्याच वर्षी सरकारी आरोग्य खात्याच्या विनंतीवरून मार्व्हलच्या स्टॅन ली यांनी स्पायडरमॅनमध्ये अमली पदार्थांच्या विरोधातली कथा घेतली. कोडने नकार दिला, तर मार्व्हलने शिक्क्याशिवाय तीन अंक छापले. अंक खपले, आभाळ काही कोसळलं नाही.

झोंबीला मात्र परवानगी नाही, कारण त्याच्यावर कुणी ‘थोर’ कादंबरी लिहिली नव्हती. मग मार्व्हलने एका जुन्या कथेतला ‘झुव्हेंबी’ हा शब्द उचलला. तीच चालती प्रेतं, नाव वेगळं. यूजर फिल्टरला कसा चकवतो ते आपण रोज बघतोच.

तो पहिला अंक

मग ड्रॅक्युलाच का? एक तर नव्या नियमात त्याचंच नाव परंपरा म्हणून लिहिलेलं. दुसरं, अमेरिकेत ती कादंबरी स्वामित्वहक्कातून मोकळी होती, कुणाला पैसे द्यायचे नव्हते.

चित्रं काढायला जीन कोलन हवाच होता, असं आज वाटतं. पण तेव्हा स्टॅन ली यांनी त्याला शब्द दिला आणि नंतर काम दुसऱ्याच चित्रकाराला द्यायचं ठरवलं. कोलनने वाद घातला नाही. कुणी मागितलेलं नसताना घरी बसून ड्रॅक्युलाचं नमुन्याचं पान काढलं आणि पाठवून दिलं. काम त्याला मिळालं. चेहरा त्याने घेतला जॅक पॅलन्स या नटाचा: खोल डोळे, वर आलेली गालाची हाडं. गंमत म्हणजे पॅलन्सने पुढे टीव्हीवर खरोखर ड्रॅक्युला केला, 1974मध्ये.

संवाद लिहिले जेरी कॉनवेने. वय 19! मुखपृष्ठ नील ॲडम्सचं. कथा साधी आहे. फ्रँक ड्रेक हा ड्रॅक्युलाचा वंशज, जवळचे पैसे उडवून बसलेला. वारशात ट्रान्सिल्व्हेनियातला पडका किल्ला मिळालाय. मित्र क्लिफ्टन म्हणतो, चल, त्याचं पर्यटनस्थळ करू. सोबत फ्रँकची होणारी बायको जीनी. किल्ल्यात क्लिफ्टनला शवपेटीत सांगाडा सापडतो, छातीत लाकडी खुंटा. तो खुंटा उपसतो. पुढे काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. शेवटी किंमत मोजते जीनी, जिचा या व्यवहाराशी काहीच संबंध नव्हता. ती स्वतः व्हॅम्पायर होते.

खरं सांगू? कथा म्हणून हा अंक ठीकठाक आहे, जुन्या सिनेमांची उजळणी. थक्क करतात ती चित्रं. धुकं, सावल्या, अंगरखा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो ते कळत नाही. कोडमुळे रक्त फार दाखवता येत नव्हतं, म्हणून भीती सगळी सावलीत गेली. पण म्हणून बंदी चांगली, असं मी म्हणणार नाही. ते श्रेय कोलनचं आहे.

सातव्या अंकापासून लेखक म्हणून आला, ओळखा कोण? मार्व्ह वुल्फमन! ज्याचं आडनाव कोडने अडवलं होतं, त्यानेच ही मालिका शेवटच्या 70व्या अंकापर्यंत, म्हणजे 1979पर्यंत लिहिली. सत्तरही अंकांची चित्रं कोलनची.

आणि हिशेब

1973च्या दहाव्या अंकात या दोघांनी एक पात्र आणलं: ब्लेड, व्हॅम्पायरांची शिकार करणारा कृष्णवर्णीय नायक. ज्या कोडच्या प्रमुखाला कृष्णवर्णीय अंतराळवीर चालला नव्हता, त्याच कोडचा शिक्का आता या अंकावर होता. 1998मध्ये ‘ब्लेड’ सिनेमा आला आणि चालला, तोही मार्व्हल दिवाळखोरीतून जात असतानाच्या काळात. वुल्फमनने हक्कासाठी दावा केला. 2000मध्ये निकाल विरोधात गेला, कारण काम कंपनीसाठी केलेलं, म्हणून पात्र कंपनीचं.

कोडचं काय झालं? मार्व्हल 2001मध्ये बाहेर पडली, 2011च्या जानेवारीत उरलेल्या दोन मोठ्या कंपन्याही. ज्यासाठी 57 वर्षं लोकांची कामं अडवली, तो शिक्का कुणी काढून घेतला नाही. त्याला विचारणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मग मुलांच्या हातात काहीही द्यायचं का? नाही. मी अजूनही फिल्टर लिहितो, ते लागतात. पण आता यादीत शब्द टाकताना मी दोन गोष्टी लिहून ठेवतो: हा शब्द का टाकला, आणि चुकून अडकलेल्या माणसाने दाद कुणाकडे मागायची. 1954च्या कोडमध्ये दुसरं कलम असतं, तर तो अंतराळवीर कदाचित अडला नसता.

तुमच्या लहानपणी घरात कोणत्या पुस्तकावर किंवा कॉमिक्सवर बंदी होती? आणि तुम्ही ते कुठे लपून वाचलंत? नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर शवपेटीत खुंटा दिसला तर उपसू नका.