महाराष्ट्रातील पूर्व आशियाई कला

चीन, जपान आणि कोरिया या देशांतील ज्या कलावस्तू, वास्तू, उद्याने, कलाप्रकार आणि उत्सव महाराष्ट्रात आले, येथे जतन झाले किंवा येथील लोकांनी आपलेसे केले, त्यांचा विचार महाराष्ट्रातील पूर्व आशियाई कला या विषयात केला जातो. ही कला राज्यात प्रामुख्याने दोन वाटांनी आली. मुंबईत ती समुद्री व्यापारातून आली आणि कालांतराने संग्रहालयाच्या कपाटांत स्थिरावली. विदर्भात ती बौद्ध धर्माच्या वाटेने आली. त्यामुळे तेथे ती प्रदर्शनाची वस्तू न राहता उपासनेचा भाग झाली. या भेदामुळे एकाच परंपरेतील शिल्प वा वास्तू मुंबईत आणि वर्धा-नागपूर परिसरात पूर्णपणे वेगळ्या रीतीने पाहिली जाते.

भाषेतील खुणा

चीनशी असलेल्या जुन्या संबंधाच्या खुणा भाषेत टिकून आहेत. चिनी रेशमी वस्त्राला संस्कृतात ‘चीनांशुक’ म्हणत. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त हा शब्द आला आहे. मराठीत ‘चिनी माती’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यातील देशवाचक अर्थ सहसा लक्षात येत नाही. घरोघरी लोणच्यासाठी वापरली जाणारी जाड बरणी भारतातच भाजलेली असते आणि ती खऱ्या चिनी पोर्सेलिनहून वेगळी असते. पोर्सेलिनसाठी केओलिन ही पांढरी माती लागते. ते सुमारे १,३०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले जाते व पातळ भांड्यातून उजेड किंचित आरपार जातो. बरणीला चिनी हे नाव मात्र कायमचे चिकटले.

व्यापार आणि मुंबई

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई बंदरातून कापूस आणि अफू कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, जात असे. परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणि कोरीव वस्तू येत. या व्यापारात पारशी व्यापारी अग्रभागी होते. सर जमशेटजी जिजीभॉय (१७८३–१८५९) यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या आणि त्या व्यापारातून मोठी संपत्ती मिळवली. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाची स्थापना १८५७ मध्ये त्यांच्याच देणगीतून झाली. या वैभवाचा मोठा भाग अफूवर उभा होता आणि त्या अफूने चीनमधील असंख्य कुटुंबांची धूळधाण केली, ही गोष्ट कलेचे कौतुक करताना नजरेआड करता येत नाही.

या व्यापाराचा सर्वांत सुंदर अवशेष म्हणजे पारशी स्त्रियांची ‘गारा’ साडी. गडद रेशमावर पांढऱ्या व फिक्या रंगांच्या धाग्यांनी केलेले हे भरतकाम मूळ चिनी कारागिरांचे आहे. पारशी गिऱ्हाइकांच्या पसंतीप्रमाणे ते चीनमध्ये भरून घेतले जाई. क्रौंचासारखे पक्षी, पिओनीची फुले, पॅगोडे, पूल आणि माणसे असे विषय त्यावर येतात. चिनी स्त्री-पुरुषांच्या आकृती असलेल्या नक्षीला ‘चीना-चीनी’ म्हणतात, तर ठिपक्यांच्या एका नक्षीला ‘कांदा-पपेटा’ म्हणजे कांदा-बटाटा असे खास घरगुती नाव मिळाले आहे. परदेशी नक्षीला स्वयंपाकघरातले नाव मिळणे हे ती वस्तू घरची झाल्याचे चिन्ह होय.

मुंबईत स्थायिक झालेल्या चिनी समाजाचे माझगाव येथील सी युप मंदिर १९१९ चे आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातील चार तालुक्यांच्या समूहाला ‘सी युप’ म्हणतात. तेथून आलेल्या खलाशी व कारागीर कुटुंबांचे हे मंदिर. यात क्वान कुंग या वीरदेवतेची आणि क्वान यिन या करुणेच्या देवतेची उपासना होते. क्वान यिन हे भारतीय अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचेच चिनी रूप असून चीनमध्ये ते स्त्रीरूपात स्थिर झाले. चांद्र नववर्षाला येथे चिनी कुटुंबे एकत्र येतात.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय

राज्यातील पूर्व आशियाई कलेचा महत्त्वाचा सार्वजनिक संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या इमारतीची कोनशिला १९०५ मध्ये बसवली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. सर रतन टाटा यांचा संग्रह १९२१ मध्ये आणि सर दोराबजी टाटा यांचा संग्रह १९३३ मध्ये संग्रहालयाला मिळाला. चिनी व जपानी दालन मुख्यतः या दोन देणग्यांवर उभे आहे.

दालनातील जेड पाषाणाच्या वस्तू विशेष लक्ष देऊन पाहण्याजोग्या आहेत. हा दगड इतका चिवट असतो की तो छिन्नीने कोरता येत नाही. कठीण वाळूच्या साहाय्याने तो हळूहळू झिजवावा लागतो. म्हणून लहानशा पात्रामागेही दीर्घ काळाचे श्रम असतात. तपकिरीच्या चिमुकल्या कुप्या हा चिनी कारागिरीचा आणखी एक नमुना. काचेच्या काही कुप्यांमध्ये वाकड्या टोकाचा कुंचला अरुंद तोंडातून आत घालून आतील बाजूने चित्र काढलेले असते. निळ्या-पांढऱ्या भांड्यांतील निळा रंग कोबाल्टचा असून तो चकाकीखाली असल्याने घासून जात नाही. हे ठाऊक असले की दालनातील एकेका कपाटासमोर थांबण्याला अर्थ येतो. एरवी ही दालने श्रीमंतांच्या दिवाणखान्यासारखी भासतात.

अजिंठा आणि जपानी चित्रकार

पूर्व आशियाई कलावंतांच्या दृष्टीने महाराष्ट्राचे महत्त्व अजिंठ्यामुळे आहे. जपानमधील नारा परिसरातल्या होर्यूजी मंदिराच्या सुवर्णगृहातील भित्तिचित्रे आणि अजिंठ्याची चित्रे यांतील साम्य विसाव्या शतकाच्या आरंभीच अभ्यासकांच्या लक्षात आले होते. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो यांनी आशियाई कलेच्या एकात्मतेचा जो विचार मांडला, त्यात अजिंठ्याला स्थान होते.

चित्रकार अराई कांपो (१८७८–१९४५) हे रवींद्रनाथ ठाकूर यांच्या आमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले. कोलकात्यात जपानी कुंचल्याचे तंत्र शिकवीत असतानाच्या काळात त्यांनी अजिंठ्यात मुक्काम करून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. या प्रतिकृती टोकियोच्या शाही विद्यापीठात ठेवल्या होत्या; १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत त्या जळाल्या. आयुष्याच्या अखेरीस अराई होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामात होते. ते काम चालू असतानाच त्यांचे निधन झाले आणि पुढे २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजीच्या सुवर्णगृहाला आग लागून मूळ चित्रांची अपरिमित हानी झाली. अजिंठ्याच्या प्रती गेल्या आणि मूळ चित्रे राहिली. होर्यूजीत मूळ चित्रे गेली आणि प्रती राहिल्या. या आगीनंतर जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला. अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतन व पर्यटन विकासासाठी जपानने पुढे महाराष्ट्राला दीर्घ मुदतीचे कर्ज दिले.

विदर्भ

विदर्भात पूर्व आशियाई कलेचे मोठे संग्रहालय नाही. येथे जे आहे ते उघड्यावर, पूजेत आणि प्रार्थनेत आहे. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी (१८८५–१९८५) हे निप्पोनझान म्योहोजी या पंथाचे संस्थापक. ते १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींना भेटले. त्यांना ‘गुरुजी’ म्हणत. या पंथाचे भिक्षू हातात धरायचे, पंख्याच्या आकाराचे चर्मवाद्य वाजवीत ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राला वंदन करणारा मंत्र म्हणतात. हा जपानी मंत्र गांधींच्या आश्रमाच्या दैनंदिन प्रार्थनेत समाविष्ट झाला. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरल्यावर सेवाग्राम आश्रमातील जपानी भिक्षूला सरकारने अटक केली; मंत्र मात्र प्रार्थनेत तसाच राहिला. शत्रुराष्ट्राच्या भाषेतील प्रार्थना युद्धकाळातही म्हटली जावी, ही सेवाग्रामच्या इतिहासातील फारशी न सांगितली जाणारी गोष्ट आहे.

फुजी यांच्या संकल्पनेतील विश्वशांती स्तूपांपैकी पहिला जपानमधील कुमामोतो येथे १९५४ मध्ये आणि भारतातील राजगीर येथील १९६९ मध्ये पूर्ण झाला. वर्धा येथील विश्वशांती स्तूप गोपुरी भागात, गीताई मंदिराजवळ असून त्याचे उद्घाटन १९९३ मध्ये झाले. पांढराशुभ्र घुमट, चारही दिशांना बुद्धमूर्ती, सभोवती उद्यान आणि शेजारी लहानसे जपानी मंदिर अशी त्याची रचना आहे. सांचीच्या स्तूपाशी तुलना केल्यास भेद चटकन कळतो. सांचीत घुमट मूर्तिहीन आहे आणि कथा तोरणांवर कोरलेली आहे. वर्ध्यात तोरणे नाहीत, मूर्तीच घुमटाच्या अंगावर आल्या आहेत. भारतातून स्तूपाची कल्पना पूर्वेकडे गेली, तेथे तिचा पॅगोडा झाला आणि दोन हजार वर्षांच्या आसपासच्या प्रवासानंतर ती जपानी भिक्षूंच्या हातून पुन्हा विदर्भात उभी राहिली. जवळच्या गीताई मंदिराला छप्पर नाही. विनोबा भाव्यांच्या ‘गीताई’तील श्लोक तेथे शिलांवर कोरले आहेत. दोन्ही वास्तू एकाच फेरीत पाहण्यासारख्या आहेत.

नागपूरजवळील कामठी येथील ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये खुले झाले. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. मंदिरातील बुद्धमूर्ती चंदनाच्या लाकडाची आहे. दगडी वा धातूच्या मूर्ती पाहण्याची सवय असलेल्या पाहुण्याला काष्ठमूर्ती नवी वाटते. जपानमध्ये मात्र मंदिरातील मूर्तिकलेची मुख्य परंपरा लाकडाचीच आहे. ‘ड्रॅगन पॅलेस’ हे नाव ऐकून अनेकांना नवल वाटते. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘नाग’ या शब्दासाठी ड्रॅगनवाचक चिन्ह वापरले गेले. त्या अर्थाने ड्रॅगनचा प्रासाद म्हणजे नागांचे स्थान. नागपूर ही नागांची भूमी असल्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी सांगितले होते, हे येथे आठवते.

याच संदर्भात भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचे नाव घ्यावे लागते. जपानच्या ओकायामा प्रांतात १९३५ मध्ये जन्मलेले हे भिक्षू १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूरला स्थायिक झाले आणि पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. दीक्षाभूमीच्या व्यवस्थापनात आणि रामटेकजवळील मनसर येथील उत्खननाला चालना देण्यात त्यांचा सहभाग राहिला.

छंद, उद्याने आणि साहित्य

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक असून ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर सुमारे १० एकरांत उभारले आहे. मूळ कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाले. जपानी उद्यानात फुलांच्या रांगांपेक्षा पाणी, दगड, हिरवळीचे उंचवटे आणि वाटेच्या वळणावर अचानक उलगडणारे दृश्य यांना महत्त्व असते. त्यामुळे ते चालत चालत पाहायचे असते.

कागदाच्या घड्यांची कला, ओरिगामी, मराठी घरांत रुजवण्यात लेखक अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचा मोठा वाटा आहे. एका कागदातून, कात्री व डिंक न वापरता आकार घडवणे हा या कलेचा मूळ नियम. साहित्याचा खर्च जवळजवळ नसल्याने ती खेड्यातील शाळेतही सहज शिकवता येते. बोन्सायला मराठीत वामनवृक्ष हा अन्वर्थक शब्द मिळाला आहे. पुष्परचनेच्या इकेबाना कलेचे वर्ग मुंबई-पुण्यात चालतात. ‘हायकू’ हा तीन ओळींचा काव्यप्रकार शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी मराठीत आणला. जपानी अक्षरगणनेचे ५-७-५ हे बंधन मराठी हायकूने काटेकोरपणे पाळलेले नाही. एका क्षणाचे चित्र आणि त्यातून उमटणारी जाणीव एवढे तिने जपले. कोरियाची ओळख मात्र अलीकडची आहे आणि ती मुख्यत्वे मालिका, चित्रपट व संगीत यांतून झाली.

एक प्रचलित गैरसमज

दुकानांत मिळणारी, मोठ्या पोटाची ‘लाफिंग बुद्धा’ची मूर्ती गौतम बुद्धाची नाही. ती बुदाई या दहाव्या शतकातील चिनी भिक्षूची असून त्याला मैत्रेय या भावी बुद्धाचा अवतार मानतात. पाठीवरची झोळी ही या मूर्तीची ओळखखूण होय.

यवतमाळ जिल्ह्यातून

यवतमाळ जिल्ह्यात या कलेचे स्वतंत्र दालन नाही. यवतमाळ शहरापासून वर्धा रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर आहे. सेवाग्राम, विश्वशांती स्तूप आणि गीताई मंदिर ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात. शालेय सहलींत सेवाग्राम व पवनारला वेळ दिला जातो आणि स्तूप बहुधा सायंकाळी घाईत उरकला जातो. स्तूपाभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा करून चारही मूर्तींच्या हस्तमुद्रा पाहाव्यात आणि जपानी मंदिरातील वाद्याचा नाद प्रार्थनेच्या वेळी ऐकावा. कामठी आणि दीक्षाभूमी यांसाठी नागपूरचा वेगळा दिवस लागतो.