वृक्षांस कायद्याचा आधार

झाडावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं कोणाची तरी संमति घेतली पाहिजे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाविषयीं सूचना आहे. तिचा भावार्थ असा कीं, आंबे-फणसादि झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. तीं बळानें तोडूं नयेत. एखादें जीर्ण झाड लागलेंच, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार कायद्याच्या भाषेंत उतरला. १९६४ सालच्या वृक्षतोडीच्या अधिनियमानें आंबा, चिंच, फणस, मोह, जांभूळ, साग, चंदन इत्यादि सोळा जाती अनुसूचींत घातल्या. असें झाड स्वतःच्या शेतांत असलें, तरी अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तें तोडतां येत नाहीं. आपल्या राणीसावरगांवासारख्या खेड्यांत बांधावरच्या आंब्याचिंचेस आधार आहे तो याच कायद्याचा.

शहरें व उपनगरें यांसाठीं १९७५ सालीं स्वतंत्र अधिनियम झाला. त्यानें वृक्ष प्राधिकरण नेमण्याची व झाडांची गणना करण्याची तरतूद केली. तोडीचा अर्ज आला म्हणजे वृक्ष अधिकाऱ्यानें वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावयाची, त्या झाडावरहि ती लावावयाची, आणि लोकांच्या हरकती ऐकावयाच्या. परवानगी दिल्यावरहि सामान्यतः पंधरा दिवस कुऱ्हाड चालवितां येत नाहीं. राजाज्ञेनें केवळ धन्याची संमति मागितली होती; या कायद्यानें शेजाऱ्यासहि बोलण्याचा अधिकार दिला.

या अधिकाराची कसोटी मुंबईच्या गोरेगांव उपनगरांतील आरे वसाहतींत लागली. भुयारी मेट्रोच्या आगारासाठीं २०१९ च्या ऑगस्टांत वृक्ष प्राधिकरणानें २,१८५ झाडें तोडण्यास मान्यता दिली. ऐंशी हजारांवर हरकती आल्या होत्या. मेट्रोची गरजहि खोटी नव्हती; त्या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झाला. परंतु ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें याचिका फेटाळल्या, आणि त्याच रात्रीं तोड सुरू झाली. वरच्या न्यायालयाचें दार ठोठावण्यास एक रात्रहि मिळाली नाहीं. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून ७ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली. तोंपर्यंत २,१४१ झाडें पडलीं होतीं.

पुढें २०२१ सालीं कायद्यांत सुधारणा झाली. पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा-वृक्ष हें नांव मिळालें, आणि असें झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकीं रोपें लावण्याचें बंधन आलें. तरीहि साठ रोपें म्हणजे साठ वर्षांची सावली नव्हे.

यावरून, वाचकबंधुभगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा झाडाभोवतीं कुंपण घालीत नाहीं. तो आपणांस थोडा अवधि मात्र देतो, आणि तो गेला म्हणजे न्यायालयाचा हुकूमहि पडलेलें खोड उभें करूं शकत नाहीं. म्हणून परभणीच्या वा गंगाखेडच्या रस्त्यावर एखाद्या खोडास चिकटविलेला कागद दिसला, तर तो वाचावा. हरकत असल्यास ती मुदतींत लेखी द्यावी व तिची पोंच घ्यावी. आणि गांवांत आंब्याचिंचेचा सौदा ठरत असेल, तर परवानगी आहे काय, एवढें तरी आधीं विचारावें.