मागून धडकला, म्हणजे चूक त्याचीच?

गेल्या महिन्यात आठवडी बाजारात एका ताईंनी मला थांबवलं. "तुम्हीच ना ते बातम्या देणारे?" म्हटलं, हो. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं एक कात्रण काढलं. बातमी माझीच होती, तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. 'उभ्या ट्रॉलीला दुचाकीची मागून धडक; तरुण ठार.' सिंगल कॉलम, चार ओळी. शेवटची ओळ अशी की भरधाव दुचाकीवरील ताबा सुटल्याने अपघात झाल्याचे पोलिसांनी सांगितले.

"भरधाव होते ते. पाहिलं होतं का तुम्ही?"

नव्हतं पाहिलं. रात्री पावणेअकराला ठाण्यात फोन लावला, जे सांगितलं ते लिहून घेतलं आणि पान सुटायच्या आत पाठवून दिलं. आमच्या धंद्यात हे असंच चालतं. वीस वर्षांत अशा किती बातम्या दिल्या त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

ताईंचं म्हणणं एवढंच होतं. ट्रॉली उसाची. टायर बसला म्हणून रस्त्यातच उभी केलेली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गुन्हा मात्र मेलेल्या नवऱ्यावरच नोंदवला गेला आणि आरोपीच मयत म्हणून तो बंदही झाला. आता भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचे वकील म्हणतात, मागून येऊन धडकला, चूक त्याचीच, आम्ही पैसे कशाला द्यायचे?

मित्रांनो, तेव्हापासून मी या एका वाक्याच्या मागे लागलोय. 'मागून धडकला तो चुकीचा.' चौकात दोन गाड्या घासल्या की जमलेली गर्दी हेच म्हणते, हवालदारही हेच म्हणतात. हे वाक्य आलं कुठून? आणि कायदा खरंच एवढंच म्हणतो का? दोन ओळखीच्या वकिलांना पिडलं, निकाल वाचले. जे हाती लागलं ते लिहितोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

गोष्ट मोटारीच्याही आधीची आहे. आपला नुकसानभरपाईचा कायदा इंग्रजांकडून आला, आणि इंग्लंडमध्ये १८०९ साली डर्बी गावच्या एका खटल्याचा निकाल लागला. एका माणसाच्या घराची दुरुस्ती चालली होती, त्यानं एक खांब अर्ध्या रस्त्यात आडवा टाकून ठेवला. ऑगस्टची संध्याकाळ, आठाचा सुमार, घरोघरी दिवे लागत होते. दुसरा एकजण गुत्त्यातून निघून घोडा दामटत आला, खांबाला अडखळून पडला आणि जबर जखमी झाला. खांब रस्त्यात टाकणं चूकच होतं. पण कोर्ट म्हणालं, शंभर यार्डांवरून दिसेल एवढा उजेड होता, तू नीट बघून आला असतास तर पडला नसतास. त्याला छदामही मिळाला नाही. म्हणजे स्वतःची थोडी जरी चूक असली तरी भरपाई शून्य. दुसऱ्याची चूक कितीही मोठी असो.

हा न्याय फारच कडक होता. त्याला पहिली चीर पाडली ती एका गाढवानं. थट्टा नाही करत. १८४२ चा खटला. एका माणसानं आपल्या गाढवाच्या पुढच्या पायांना पायबंद घालून ते रस्त्याकडेला चरायला सोडलं होतं. तीन घोड्यांचा मालगाडा जोरात आला, गाडीवान घोड्यांपासून थोडा मागे राहिला होता. गाढव चाकाखाली मेलं. गाडीवाल्याची बाजू अशी की गाढव रस्त्यावर सोडणं हीच चूक, आणि पायबंद घातल्यावर ते बाजूला होणार कसं? कोर्टानं ऐकलं नाही. गाढव चुकीच्या जागी असेल, पण म्हणून त्याच्यावर गाडा घालायचा परवाना मिळत नाही. शेवटच्या क्षणी अपघात टाळणं ज्याच्या हातात होतं, जबाबदारी त्याची. गाढवाच्या मालकाला ४० शिलिंग मिळाले.

आता नीट बघा. पुढचा उभा आहे, हलू शकत नाही. मागचा येतोय, त्याच्या हातात लगाम आहे. म्हणून मागचा जबाबदार. आपल्या चौकातल्या त्या वाक्याचा पायाच हा. फक्त एक गोष्ट आपण विसरलो. हा निकाल अडकलेल्या दुबळ्याला वाचवण्यासाठी होता. आज त्याच तर्काचा आडोसा दहा-बारा टनांची ट्रॉली अंधारात उभी करून जेवायला गेलेला माणूस घेतो.

पुढं इंग्लंडलाच कळलं की सगळा दोष याच्या नाहीतर त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. १९४५ साली त्यांनी कायदाच केला की दोघांची चूक असेल तर वाटे पाडा, ज्याची जेवढी चूक तेवढी त्याची भरपाई कमी करा. भारतात असा देशभर लागू होणारा वेगळा कायदा आजतागायत झालेला नाही. पण आपल्या न्यायालयांनी न्यायबुद्धीला धरून तेच तत्त्व उचललं. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं सत्तरच्या दशकात एसटी महामंडळासारख्याच तिथल्या महामंडळाच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. तोवर मोटारींचा सुळसुळाटही झाला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. त्याआधी रस्त्यावर माणूस गेला तर घरच्यांनी १८५५ च्या कायद्याखाली दिवाणी दावा लावायचा आणि कोर्ट फी भरायची.

मग १९८८ चा नवा कायदा, आणि त्याखाली १९८९ चे रस्त्याचे नियम. यातले दोन नियम एकाला एक लागून आहेत. क्रमांक २३ : पुढची गाडी अचानक थांबली तरी आदळणार नाही, इतकं अंतर मागच्यानं ठेवावं. क्रमांक २४ : सुरक्षेची गरज नसेल तर कुणीही एकदम ब्रेक मारू नये. तेवीस मागच्याला बांधतो, चोवीस पुढच्याला. गर्दीला तेवीस तोंडपाठ आहे, चोवीस कुणाच्या गावीही नाही. २०१७ साली या नियमांच्या जागी नवे आले, तरी अंतर राखायची सक्ती कायम आहे. शिवाय मूळ कायद्याच्या १२२ व्या कलमात, दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी रस्त्यात सोडून जाऊ नये, असं सरळ लिहिलेलं आहे.

आता सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल, एकाच वर्षातले. २०१८.

एक एप्रिलचा. पुढं ट्रक, मागं मारुती. ट्रकनं अचानक ब्रेक मारला, मारुती मागून घुसली. दोन्हींत अंतर किती होतं? दहा-पंधरा फूट. न्यायालयानं तेविसावा नियम काढला आणि म्हटलं, एवढ्या अंतरावरून चालवणं हाच निष्काळजीपणा, ट्रकवाल्याला दोष देता येत नाही. मला हा निकाल पटतो. साधा हिशेब करा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे ५५ फूट. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद संपतो. पंधरा फुटांत काय थांबणार?

दुसरा त्याआधीचा, फेब्रुवारीचा. रात्रीची वेळ. गॅसचा टँकर रस्त्याच्या मधोमध उभा, इंडिकेटर नाही, पार्किंग लाइट नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या उजेडानं डोळे दिपले आणि कार टँकरवर आदळली. न्यायाधिकरण म्हणालं, दोष टँकरचा. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं तो अर्धा-अर्धा केला, कारवाल्याच्या हेडलाइटमध्ये टँकर दिसायला हवा होता म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं ते पुसून टाकलं आणि न्यायाधिकरणाचाच निकाल कायम केला. म्हणजे इथंही मागूनच धडक, पण दोष पूर्ण पुढच्याचा.

सारखीच दिसणारी दोन प्रकरणं, निकाल उलटे. फरक एवढाच की एकात पुढची गाडी चालू होती, दिसत होती. दुसऱ्यात ती जिथं असायला नको तिथं होती, आणि दिसत नव्हती.

आणखी एक, २०२५ चा, कोईमतूरकडचा. हायवेवर एका कारवाल्यानं मध्येच ब्रेक मारला. बायको गरोदर होती, तिला उलटीसारखं झालं म्हणून. मागून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोटारसायकलवर होता, तो कारला धडकून पडला आणि मागची बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. न्यायाधिकरणानं कारवाल्याला मोकळं सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं शेवटी वाटे पाडले ते असे : कार ५० टक्के, बस ३०, पोरगा २०. बायकोला त्रास होतोय म्हणून थांबावंसं वाटणं समजण्यासारखं आहे, पण हायवेच्या मध्ये, इशारा न देता? पोराचाही २० टक्के वाटा धरलाच, कारण अंतर त्यानंही राखलं नव्हतं. १८०९ साली या पोराला काहीच मिळालं नसतं.

ट्रिपल सीटचंही ऐकून ठेवा, कारण आपल्याकडं तेवढ्यावरून दावे हरल्यात जमा धरतात. दिल्लीत एका मोटारसायकलवर तिघं होते, मागून कारनं ठोकलं. उच्च न्यायालयानं ट्रिपल सीट म्हणून भरपाईतून दहा टक्के कापले. २०२० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिघं बसणं हा नियमभंग आहे, पण त्याचा या धडकेशी काय संबंध ते दाखवा. दाखवता आला नाही, कपात रद्द झाली. आणि मागं बसलेल्याला तर चालकाची चूक लागतच नाही. दोन्ही गाड्यांची चूक असेल तर तो कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, असं २०१५ पासून पक्कं आहे.

आता आपल्या तालुक्याकडं या. गळीत हंगामात संध्याकाळी सातनंतर कारखान्याच्या रस्त्यानं एकदा जाऊन बघा. डबल ट्रॉली, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, टेललाइट वाड्याखाली झाकलेला किंवा नसलेलाच. टायर बसला की चाकाला दगड लावायचे आणि मागं एखादी फांदी टाकायची. काम झालं की ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात. ट्रॅक्टरवालेही उचल घेतलेली, झोप न झालेली माणसं असतात, हे मला माहीत आहे. पण रिफ्लेक्टरची पट्टी काही फार महाग येत नाही.

आणि मेलेल्यावर गुन्हा नोंदवणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. आरोपी मयत, तपास संपला. ठाण्याचं काम कमी, ट्रॉलीमालक निवांत, विमा कंपनीला आयता कागद. वकिलांनी मला एक गोष्ट दोनदा सांगितली, ती तशीच देतो. फिर्यादीत काय लिहिलंय तो दाव्यातला अंतिम शब्द नसतो. न्यायाधिकरण पुरावा स्वतः बघतं, आणि तिथं फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धता लागत नाही. जास्त शक्यता कशाची, एवढंच बघतात. म्हणून पंचनाम्यात ट्रॉली पांढऱ्या पट्टीच्या आत होती की बाहेर, दिवे होते की नव्हते, ब्रेकच्या खुणा किती लांब, हे लिहून घ्या. लिहीत नसतील तर मोबाइलवर फोटो काढा, गाड्या हलवायच्या आधी. दाव्याला सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनं घातली आणि ती २०२२ पासून लागू झाली. तेराव्याच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

ताईंना मी त्या दिवशी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन जुनं मेमरी कार्ड शोधलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या रस्त्यानं गेलो होतो, सवयीनं दोन फोटो काढले होते. छापले नव्हते, जागा नव्हती. ट्रॉली तोवर हलवली होती. पण डांबरावर उसाची कांडी पडलेली दिसतात आणि चाकाला लावलेले दगड दिसतात. दोन्ही दगड पांढऱ्या पट्टीच्या आत, रस्त्यात, चांगले हातभर.

फोटो, त्यावरची तारीख आणि मेमरी कार्ड वकिलांकडं दिलंय. बातमी कशी लिहिली होती हे कोर्टात येऊन सांगायलाही तयार आहे म्हटलं. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तोवर कारखान्याचा बॉयलर पेटलेला असेल.